कुलपात किल्ली घातली की लगेच कशी काय लागते? (लघवीची घाई आणि मेंदू)

शहापूरची_सून

विषय चारचौघांत काढायचा नाही, म्हणून इथे काढते. मॉडरेटरना चालणार नसेल तर खुशाल उडवा.

पुण्याहून बेळगावला येताना कोल्हापूरला बस थांबते तेवढीच. पुढे निपाणी जाते, संकेश्वर जातं, पोटात काही हालचाल नाही. स्टँडवर उतरून रिक्षा करते, तरी नाही. दारात पिशव्या खाली ठेवून कुलपात किल्ली घातली की मात्र अशी घाई सुटते की चप्पल काढायलाही सवड मिळत नाही. गणपत गल्लीतून बाजार करून आले तरी हेच. रस्ताभर भाव करत, बोलत येते आणि दारात जीव जातो.

साखर तपासली, लघवी तपासली, दोन्ही नॉर्मल. सासूबाई म्हणतात मनाचे खेळ आहेत. नणंद म्हणते तुझी लघवीची पिशवीच लहान. मला एवढंच कळून घ्यायचंय की रिक्षात नव्हती आणि दारात आली, तर मधल्या दोन मिनिटांत आत झालं काय? लागली आहे हे शरीर ठरवतं कसं?

हुक्केरीचा_मोटारवाला

ह्यात काय अवघड आहे ओ ताई. टाकीत बॉल असतोय बघा, पाणी वर आलं की बॉल वर, सिग्नल गेला. तसंच आत असणार. तुमचा बॉल रस्त्यात अडकूलालाय आणि दारात सुटूलालाय :)

देह_मास्तर

मोटारवाले, तुमच्या बॉलवर लिहायचा मोह आवरत नाही. नर्सिंगच्या मुलींना मी बरीच वर्षं शरीरक्रिया शिकवली आणि प्रत्येक वर्गात कोणीतरी हाच बॉल काढायचं. सगळ्यांना वाटतं की एक ठरावीक रेघ आहे, तिथवर पाणी चढलं की घंटा वाजते. तशी रेघ नाही.

आधी हिशेब. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि जवळजवळ सगळा परत रक्तात घेतात. उरते ती दीड-एक लिटर लघवी, म्हणजे मिनिटाला साधारण एक मिली. ताईंच्या त्या दोन मिनिटांत चहाचा चमचाही भरत नाही. तेव्हा 'दारात येईपर्यंत भरली' हे उत्तर बाद.

आता भरण्याकडे. मूत्रपिंडापासून खाली येणाऱ्या मूत्रवाहिन्या २५ ते ३० सेंटिमीटर लांब असतात. त्यांच्या भिंती आकुंचनाच्या लाटांनी लघवी खाली ढकलतात, म्हणून झोपलेल्या माणसाचीही पिशवी भरत राहते. मूत्राशय रिकामं असताना त्याच्या अस्तराला घड्या असतात. लघवी आली की घड्या उलगडतात आणि डिट्रुसर नावाचा भिंतीतला स्नायू सैल होत जातो. गंमत इथे आहे. पिशवी भरते, पण तीन-चारशे मिलीपर्यंत आतला दाब फारसा वाढतच नाही. टाकीत पाणी वाढलं की तळाचा दाब वाढणारच. इथे भिंतच जागा करून देते.

मग कळतं कशावरून? भिंतीच्या ताणावरून. अस्तरातल्या पेशींत आणि तिथे पोचलेल्या मज्जातंतूंच्या टोकांवर ताण ओळखणारी प्रथिनं असतात. त्यांतलं एक पिएझो-२. पिएझो प्रथिनं शोधणारे आर्डेम पाटापुटियन यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. जन्मतः पिएझो-२ काम करत नसलेली काही माणसं जगात आहेत. त्यांना पिशवी भरल्याचं नीट जाणवत नाही, त्यामुळे त्यांतली बरीचशी घड्याळ बघून जातात. दिवसभर जातच नाहीत आणि मग एकदम धावपळ, असंही होतं. त्यावरचं संशोधन नोबेलच्या आदल्याच वर्षी, २०२० मध्ये, छापून आलं.

पुढचं जेवल्यावर लिहितो.

कॅम्पातला_शंकेखोर

मास्तर, सगळं ठीक, पण ताण दोन मिनिटांत वाढला नाही आणि दाबही नाही. म्हणजे शेवटी सासूबाईच बरोबर ना? मनाचे खेळ.

शहापूरची_सून

अहो दादा, तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात ते कळलं :) सासूबाई हा धागा वाचत नाहीत म्हणून बरं.

देह_मास्तर

शंकेखोर, घाई करू नका. (या धाग्यात घाई हा शब्द जपून वापरायला हवा.)

भिंतीच्या ताणाची बातमी मज्जातंतूंतून पाठीच्या कण्याच्या अगदी खालच्या, माकडहाडाजवळच्या भागात येते आणि मज्जारज्जूतून वर चढून मध्यमेंदूत पोचते. ही बातमी सतत चालू असते, पण आपल्याला ती जाणवत नाही. मोठ्या माणसात साधारण १५० ते २०० मिलीला पहिली चाहूल लागते. तीनशेच्या आसपास 'जायला हवं, पण गडबड नाही' असं वाटतं. चारशे ते पाचशेला 'आता थांबवत नाही'. हे आकडे माणसामाणसात बदलतात, आणि त्याच माणसात सकाळ-संध्याकाळीही बदलतात. माझा मुद्दा तोच आहे.

मेंदूच्या देठात, सेतू म्हणतात त्या भागात, लघवीचं केंद्र आहे. बॅरिंग्टन नावाच्या ब्रिटिश शल्यविशारदानं १९२५ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून ते दाखवलं. हे केंद्र एकतर बंद असतं किंवा चालू, अधलंमधलं नाही. बंद असताना डिट्रुसर सैल आणि दोन्ही स्फिंक्टर, म्हणजे वाट आवळून धरणारे गोल स्नायू, आवळलेले. चालू झालं की उलट, बाहेरचा स्फिंक्टर आधी सुटतो आणि मागोमाग डिट्रुसर आवळतो. आतला स्फिंक्टर आपल्या हुकमात नाही. बाहेरचा आहे, कारण त्याची नस वेगळी.

हे केंद्र चालू करायचं की नाही, हे कपाळामागचा मेंदू ठरवतो. भोवती कोण आहे, जागा आहे का, आडोसा आहे का, वेळ कोणती, सगळं तो बघतो आणि जागरणाच्या प्रत्येक मिनिटाला खाली 'नाही' पाठवत राहतो. दिवसभर आपण न जाता राहतो ते पिशवी मोठी म्हणून नव्हे, या 'नाही'मुळे. तान्ह्या बाळात हा भाग अजून तयार झालेला नसतो, म्हणून त्याची पिशवी भरली की खालच्या खाली रिकामी होते.

आता ताईंचं दार. बसमध्ये जागा नाही हे मेंदूला माहीत असतं, 'नाही' घट्ट असतो आणि चाहूलही मागच्या मागे दाबली जाते. दारात आलात, किल्ली हातात, चार पावलांवर बाथरूम. वर्षानुवर्षं या किल्लीनंतर लगेच रिकामं होणं घडत आलंय, त्यामुळे किल्ली हीच मेंदूला खूण झाली. 'नाही' ढिला पडतो आणि डिट्रुसर खरोखर आवळायला लागतो. शंकेखोर, यात कल्पना काही नाही. त्या वेळी मोजलं तर दाब वाढलेला दिसेल. नळाच्या पाण्याचा आवाज ऐकून लागते तीही याच रांगेतली. जगभरच्या डॉक्टरांना दारातली ही तक्रार ओळखीची आहे.

कॅम्पातला_शंकेखोर

म्हणजे मन नाही, मेंदू. फरक काय तो तुम्हालाच ठाऊक, पण खूण वगैरे पटलं.

चोर्ल्याचा_कंडक्टर

गोव्याच्या लाइनला बरीच वर्षं काढली. मास्तरांचं म्हणणं आम्ही रोज बघूलालो. जांबोटीच्या पुढे कणकुंबीपर्यंत बस गप्प असते. एक म्हातारं उठतं, "ओ, जरा थांबवा की." गाडी बाजूला घेतली की निम्मी बस उतरते! मघाशी ह्यांच्यातल्या कुणालाच लागली नव्हती. पावसात तर विचारू नका. मलप्रभेचा उगम कणकुंबीला, त्यामुळे आमच्यात म्हणतात की तिथं आल्यावर सगळ्यांचा उगम होतो.

बायकांचं मात्र वाईट वाटतं. पुरुष झाडामागे जातात, बायका तशाच बसून राहतात.

जांबोटी_डेअरी

कंडक्टरदादा, आमच्याच दारातनं जाताय, थांबा कधी चहाला.

माझा वेगळाच प्रश्न आहे मास्तर. आमच्या गोठ्यात म्हशी आहेत. म्हैस मुतायला लागली की घमेलं भरतंय, खरं वेळ बघितला तर आमच्या कुत्र्यापेक्षा फार जास्त लागत नाही. एवढं पाणी एवढ्यात कसं जातंय?

देह_मास्तर

वा! हा प्रश्न अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या मंडळींनी २०१४ मध्ये चक्क प्राणिसंग्रहालयात कॅमेरा लावून सोडवला. तीन किलोपेक्षा जड सस्तन प्राणी, मग तो कुत्रा असो की हत्ती, पिशवी रिकामी करायला सरासरी २१ सेकंद घेतो. थोडं इकडे-तिकडे होतं, पण हत्तीची पिशवी कुत्र्याच्या कितीतरी पट असूनही वेळ त्याच घरातली. कारण मोठ्या जनावराची मूत्रनलिका रुंदही असते आणि लांबही. लांब नलिकेत पाण्याच्या उंचीमुळे गुरुत्वाकर्षण जास्त वेग देतं. या कामाला २०१५ चं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. घड्याळ लावून बघा आणि आकडे इथे टाका.

जांबोटी_डेअरी

घरची म्हणते आता म्हशीसमोर घड्याळ घेऊन उभं राहिलास तर गावात काय सांगू. तरी बघतो.

निपाणीकर_लेक

बायकांचं बसून राहणं वाचलं आणि लिहावंसं वाटलं. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. सकाळी जायची, दिवस मावळता यायची. जायला जागा नाही, असली तर जाववत नाही, म्हणून पाणीच प्यायची नाही. घरी आली की तांब्याभर पाणी एका दमात. उन्हाळी लागलेली असायची, लघवीला जळजळ, वर ताप. आम्ही जिऱ्या-धन्याचं पाणी द्यायचो. तिला एक सवय लागली होती, दिवसभर लागतच नाही म्हणायची. मास्तर, असं खरंच बंद होतं का? की ते मरतं?

देह_मास्तर

ताई, मरत नाही. दोन गोष्टी होत्या, आणि दोन्ही वेगळ्या करून बघू.

एक, पाणीच नाही तर लघवी थोडी. शरीरातलं पाणी कमी झालं, रक्त जरा घट्ट झालं की मेंदूतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडं पाणी परत ओढून घेतात. दिवसाला अर्ध्या लिटरवरही काम भागवतात. ती लघवी गडद आणि दाट असते. पिशवी कमी भरते, तर ताण कमी आणि बातमीही कमी. पण पिशवी वारंवार धुवून निघत नाही, जंतूंना वाढायला वेळ मिळतो. बायकांची मूत्रनलिका चार सेंटिमीटरच्या आसपास असते, पुरुषांची त्याच्या कितीतरी पट. म्हणून जंतू पिशवीपर्यंत पोचणं बायकांत सोपं.

दुसरी गोष्ट दाबून ठेवण्याची. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळले की त्यांची बातमी मज्जारज्जूत जाते आणि डिट्रुसरला थांबवते. घाईची लाट येते, आपण आवळतो, मिनिटभरात ती ओसरते. पुढची लाट जरा वेळानं. हे वर्षानुवर्षं करणाऱ्या माणसाची पिशवी मोठी होत जाते, चाहूल उशिरा लागते. शिक्षिका, नर्स, शेतातल्या बायका, सगळ्यांत हे दिसतं. काहींना मग गेल्यावरही पूर्ण रिकामं होत नाही आणि उरलेल्यात पुन्हा जंतू.

जळजळीत घाई का होते तेही सांगून टाकतो. भिंतीत दोन प्रकारचे तंतू असतात. एक जलद, ते ताण सांगतात. दुसरे मंद, ते एरवी गप्प असतात आणि दाह झाला की बोलायला लागतात. जंतुसंसर्गात हे दुसरे जागे होतात, म्हणून पन्नास मिलीलाही 'आत्ताच' असं वाटतं आणि गेलं तर चार थेंब. धन्या-जिऱ्याच्या पाण्यानं पाणी पोटात जातं तेवढा फायदा. ताप, पाठीत कळ, लघवीत रक्त असेल तर घरगुती उपाय करत बसू नये.

संकेश्वरी_ठसका

मंद तंतू म्हणालात, ते तिखटानं जागे होतात का? नाव बघूनच विचारतोय हे कळलं असेल. आमच्याकडे मिरचीवर जेवण उभं आहे, आणि झणझणीत रस्सा खाल्ला की आमच्या तात्यांना रात्री दोनदा जास्त उठावं लागतं असं ते म्हणतात.

देह_मास्तर

प्रश्न चांगला आहे, कारण २०२१ चं ते नोबेल दोघांत होतं. दुसरे डेव्हिड ज्युलियस. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या प्रथिनाला झोंबतं ते त्यांनी १९९७ मध्ये शोधलं. तेच प्रथिन मूत्राशयाच्या मंद तंतूंवरही असतं. म्हणजे तुमची संकेश्वरी आणि पिशवीचा ताण एकाच बक्षिसात. कॅप्सेसिन थेट मूत्राशयात सोडून अतिघाईवर उपचार करून बघितले गेलेत. तंतू आधी पेटतात, मग थकून गप्प होतात.

पण ताटातली मिरची आणि पिशवीत सोडलेलं औषध यांत अंतर आहे. खाल्लेल्या तिखटानं सगळ्यांनाच घाई होते असं मी म्हणणार नाही. ज्यांची पिशवी आधीच चिडलेली त्यांतल्या काहींना होते. तात्यांनी आठवडाभर रात्रीचा रस्सा सोडून बघावा, मला विचारण्यापेक्षा ते स्वस्त. तिखटाबरोबर ते तांब्याभर पाणीही पीत असतील, तेही मोजा.

चोर्ल्याचा_कंडक्टर

आमच्या ड्रायव्हरला विचारायचंय ते मीच विचारतो. दाबून ठेवून घाट चालवणं बरं काय? तो म्हणतो, लागलेली असली की मी जास्त जपून चालवतो.

देह_मास्तर

यावर २०११ चं वैद्यकातलं इग नोबेल आहे, आणि दोन गटांचे निष्कर्ष उलटे निघाले म्हणून दोघांना मिळून दिलं. एका गटाला दिसलं की पिशवी भरलेली असताना माणूस मोहाला जरा कमी बळी पडतो, आज थोडे पैसे घेण्यापेक्षा नंतर जास्त घेऊ म्हणतो. दुसऱ्या गटाला दिसलं की अगदी अनावर लागली की लक्ष आणि तात्पुरती स्मरणशक्ती ढासळते. घाटाला दुसरा निष्कर्ष लागू. तुमच्या ड्रायव्हरला सांगा, पैसे गुंतवायचे असतील तेव्हा दाबून बसा, चोर्ल्याच्या वळणावर नको.

अनगोळची_आई

मोठ्यांचं झालं, आता माझं ऐका. मुलगा सात वर्षांचा. शाळेत लघवीला जात नाही, मुतारी घाण आहे म्हणतो. बाईंना विचारलं की "एकीला मधल्या सुट्टीत जायचं" हे उत्तर. घरी येऊन खेळताना एकदम टाचेवर बसतो, चेहरा लाल, आणि बऱ्याचदा चड्डी ओली. रात्री कधीकधी अंथरूणही. घरात त्याला ओरडा बसतो, सासरे म्हणतात लाडानं झालंय.

देह_मास्तर

टाचेवर बसणं फार महत्त्वाचं सांगितलंत. मूल टाच खालून दाबून मूत्रनलिका बंद करतं, कारण त्या क्षणी डिट्रुसर आवळलेला असतो आणि मेंदूचा 'नाही' अपुरा पडतो. तो खेळात रमला म्हणून विसरला, हे खरं. मुद्दाम करतो, हे मात्र खरं नाही. यात लाडाचा संबंध नाही आणि ओरडण्याचा उपयोगही नाही.

मुलाची पिशवी किती धरेल याचा डॉक्टरांचा अंदाज असा: वयात एक मिळवायचा आणि तीसनं गुणायचं. सात वर्षांच्याला सुमारे २४० मिली. त्यावर सकाळपासून मधल्या सुट्टीपर्यंत थांबायला लावणं म्हणजे शाळा त्या पिशवीकडून मोठ्या माणसाचं काम मागते. शाळेत लेखी द्या की याला मागेल तेव्हा सोडा. घरी आल्या आल्या आणि मग दोन-अडीच तासांनी न विचारता पाठवा, 'लागली का' हा प्रश्नच नको. उत्तर कायम 'नाही' येणार.

शौचाला साफ होते का ते बघा. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आतडं भरलेलं असलं की ते शेजारच्या पिशवीला दाबतं, आणि बद्धकोष्ठ सुटलं की चड्डी ओली होणंही थांबलेलं पुष्कळ मुलांत दिसतं.

रात्रीचं वेगळं. रात्री व्हॅसोप्रेसिन वाढतं म्हणून लघवी कमी होते आणि आपण सलग झोपतो. काही मुलांत ही वाढ उशिरा येते, शिवाय झोप गाढ, पिशवीची बातमी उठवत नाही. पाच वर्षांच्या शंभर मुलांत साधारण पंधरा जण अंथरूण ओलं करतात आणि पुढे दरवर्षी त्यांतले काही आपोआप थांबतात. वडील किंवा काका लहानपणी करत होते का विचारा. आजोबांनाच विचारा, त्यांना आठवेल!

अनगोळची_आई

विचारलं. आजेसासूबाईंनी सासऱ्यांचंच नाव सांगितलं. घरात आता एकदम शांतता आहे :D

शहापूरची_सून

आईग्ग. :) बरं मास्तर, माझ्या दाराला उपाय सांगा की. जाणून झालं, आता थांबवू कशी?

देह_मास्तर

धावू नका, पहिलं ते. पळताना पोटाचा दाब वाढतो आणि मेंदूला 'आता नक्की' अशी खात्री पटते. किल्ली फिरवायच्या आधी दारातच उभ्या राहा, किंवा कट्ट्यावर बसा. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू चार-पाच वेळा चटकन आवळा-सोडा. मघाशी सांगितलं तसं डिट्रुसर त्यानं गप्प होतो. दुसरीकडे लक्ष द्या, बाजाराचा हिशेब करा. लाट ओसरली की मग आत जा, पिशव्या ठेवा, हात धुवा आणि नंतर सावकाश बाथरूमला. किल्ली आणि बाथरूम यांच्यातली जोडी तुटेपर्यंत हे काही आठवडे करावं लागतं. हे स्नायू घट्ट करायचे व्यायाम डॉ. केगेल यांनी १९४८ मध्ये मांडले, बाळंतपणानंतरच्या बायकांसाठी. आज अतिघाईच्या उपचारात पहिल्यांदा हेच सांगतात, गोळी नंतर.

दुसरं असं की 'बाहेर निघतोय तर जाऊन येऊ' ही सवय. प्रवासाआधी ठीक. दर तासाला, नसताना गेलात तर पिशवी शंभर-दीडशेलाच ओरडायला शिकते. मोजायचं असेल तर मापाचा प्लास्टिकचा मग घ्या आणि तीन दिवस किती वाजता, किती मिली हे वहीत लिहा. डॉक्टरकडे गेलात तर सगळ्यात उपयोगी कागद हाच.

काकतीचे_आजोबा

माझी वेगळीच तऱ्हा. लागते, जातो, आणि येतच नाही. धार बारीक, थांबून थांबून. थंडीत जास्त. डॉक्टरांनी प्रोस्टेट सांगितलं आहे, गोळी चालू आहे. गेल्या आठवड्यात सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून गोळी आणली तर रात्री एकदम बंदच झालं, पोट फुगलं, सिव्हिलला नेऊन नळी घालावी लागली. थंडीमुळे झालं काय?

देह_मास्तर

काका, थंडीचा हात थोडा, सर्दीच्या गोळीचा बहुधा जास्त. तुमच्या डॉक्टरांना त्या गोळीचं नाव नक्की सांगा.

पिशवीच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटमध्ये असे स्नायू असतात की ॲड्रेनलिनच्या जातीच्या रसायनानं ते आवळतात. नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांत त्याच जातीचं औषध असतं. नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि खाली पिशवीचं तोंडही. बरोबरीनं शिंका थांबवणारं जुन्या पिढीचं औषध असेल तर त्यानं डिट्रुसरचा जोर कमी होतो. खाली तोंड बंद, वर जोर नाही, मग अडणारच. तुमची प्रोस्टेटची गोळी बहुतेक याच स्नायूंना सैल करणारी असेल. म्हणजे एक गोळी सोडत होती आणि दुसरी आवळत होती. यापुढे सर्दीलाही दुकानदाराला आधी प्रोस्टेटचं सांगायचं.

आता थंडी. गारठ्यात कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त आत गोळा होतं. हृदयाला वाटतं अंगात पाणी जास्त झालं. व्हॅसोप्रेसिन कमी होतं आणि लघवी जास्त तयार होते. घामही नाही. बेळगावच्या पावसाळी गारठ्यात सगळ्यांच्याच फेऱ्या वाढतात त्या यामुळे. मोकळ्या तोंडाच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, अडलेल्याला वाटतं.

हुक्केरीचा_मोटारवाला

बॉलची गोष्ट मागे घेतो बाबा. शेवटचं एक. आमचे वडील दिवसभर फार जात नाहीत, रात्री मात्र उठूनच असतात. पाणी संध्याकाळनंतर बंद केलंय, तरी तेच. पाय संध्याकाळी सुजतात, तेवढंच.

देह_मास्तर

'तेवढंच' म्हणालात, तिथेच उत्तर आहे. दिवसभर उभं-बसून राहिल्यानं पायांत पाणी साठतं. रात्री आडवं झालं की ते रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर काढतात. रात्री पिशवीचा दोष नसतो, तिच्यात येणारंच जास्त असतं. दुपारी उशीवर पाय उंच ठेवून तासभर पडू द्या, म्हणजे ते पाणी दिवसाच निघेल. पण पाय का सुजतात हे डॉक्टरनं बघायला हवं. हृदय, मूत्रपिंड, रक्तदाबाची गोळी, काहीही असेल. साखरही बघा. रक्तातली साखर १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढते. रात्री उठताना दिवा लावायला सांगा, अंधारात पडून खुब्याचं हाड मोडलेली माणसं कमी नाहीत.

रिपोर्ट इथे टाकू नका. डॉक्टरला दाखवा.